चोरांनी कृपया नोंद घ्यावी

घराच्या रक्षणासाठी पहिलं शस्त्र कोणतं घ्यावं, यावर आपल्याकडे फार डोकं शिणवावं लागत नाही. ते काम १९५९चा शस्त्र कायदा करतो. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्यांना बंद; उरली मुख्यतः बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर, नाहीतर बारा बोअरची बंदूक. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, वर दागिन्यांच्या डब्यासारखी मरून पेटी. रात्रीच्या बसने घरी परतणाऱ्या बाईने सव्वा लाख कुठून आणायचे, हा प्रश्न बहुधा त्या पेटीत मावला नसावा.

पैसे असले तरी आधी अर्ज, मग पोलीस चौकशी. जिवाला धोका आहे हे साहेबांना पटवून द्यायचं. तोवर चोराने धीर धरावा. परवाना मिळाला की शस्त्र घरात कुलपात ठेवायचं, म्हणजे मध्यरात्री आधी किल्ली शोधायची. त्यात आचारसंहिता लागली की बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो. लोकसभा झाली की विधानसभा आहेच. जमा केल्याची पावती मात्र मिळते. ती उशाशी ठेवून खुशाल झोपावं.