ढकलू नका, फिरवा

बीड जिल्ह्यात अडलेल्या वस्तूवरचा पहिला उपाय ठरलेला आहे. चार माणसं बोलवायची आणि ‘हं, लावा जोर’ म्हणायचं. रुतलेली उसाची ट्रॉली, बंद पडलेली यष्टी, पावसाळ्यात फुगलेलं दार, सगळं या मंत्रावर हलतं. न हलणारी एकच वस्तू मला आजवर भेटली: मोटारीच्या मागच्या डिस्क ब्रेकचा पिस्टन. जेमतेम दीड इंच व्यासाचा, पण स्वभाव थेट वाड्यातल्या थोरल्या आत्याचा. ढकलायला जाल तर ताठ, कलाकलानं वळवाल तर मुकाट आत.

आमची गाडी जुनी आणि पुण्याहून आणलेली. तिला चारही चाकांना डिस्क. आता आपल्याकडच्या स्विफ्ट घ्या, वॅगन आर घ्या, बोलेरो घ्या, मागच्या चाकाला ड्रम असतो आणि त्यात लायनर. ते लायनर आमचा अंबाजोगाईचा मिस्त्री डोळे मिटून बदलतो. आमच्या गाडीचं मागचं चाक किरकिरायला लागलं, तेव्हा त्यानं वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि गाडीला नमस्कार केल्यासारखे हात जोडले. “सर, हिला संभाजीनगरलाच न्या.” आठवड्यावर माजलगावचं लग्न आलेलं, वाटेत धारूरचा घाट. पॅड मी आणूनच ठेवले होते. घरीच बदलायचं ठरलं. माझ्या या निर्णयाला घरात कोणी विरोध केला नाही, कारण विचारलंच नव्हतं.

पुढच्या चाकाचं काम सोपं असतं. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा हवी म्हणून पिस्टन मागे सारायचा. सी-क्लॅम्प लावायचा, आवळायचा, पिस्टन गुमान मागे. मागच्या चाकाला मात्र दोन नोकऱ्या असतात. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबानं लागतो, हँडब्रेक तारेनं ओढला जातो, आणि पिस्टन दोघांचा एकच. त्याच्या पोटात आटे असलेला दांडा असतो. पॅड झिजत जातील तसा पिस्टन त्या आट्यांवरून आपोआप पुढे सरकतो, म्हणूनच वर्षानुवर्षं हँडब्रेकचा दांडा फार वर ओढावा लागत नाही. पुढे आलाय तो आट्यांवरून, तर मागेही आट्यांवरूनच जाणार. नुसता दाबला तर आतलं यंत्र मोडेल, पिस्टन हलणार नाही.

हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेलही. पण ते मुंगीच्या अक्षरात, आणि वाचणारा चाकाशेजारी आडवा. आमच्या गावच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरण अख्ख्या पासोडीवर लिहून ठेवलं. मोटारवाल्यांनी मॅन्युअल तसंच दिलं असतं तर गाडीखाली अंथरून, कुशीवर वळून वाचता आलं असतं.

पहिली अडचण तात्त्विक होती. हँडब्रेक सोडल्याशिवाय पिस्टन मागे जात नाही, आणि आमच्या गल्लीत हँडब्रेक सोडला की गाडीच मागे जाते. म्हणून पुढच्या चाकांना उटी लावायची. पुतण्या धावत जाऊन वरवंटा घेऊन आला. आईनं तो चाकाखालून काढून घेतला. “गाडी गेली तर दुसरी येईल. हा माझ्या सासूबाईंचा आहे.” शेवटी बांधकामावरच्या विटा आल्या.

जॅक लागला, चाक निघालं आणि गल्लीचं मंडळ जमलं. शेजारच्या आबांनी दोन ट्रॅक्टर आणि एक साखर कारखाना जवळून बघितलेला, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे. कॅलिपर सुटताच तो रबरी नळीवर लोंबकळू नये म्हणून मी सुतळीनं वर स्प्रिंगला बांधला. आबांना तेवढंच काम पटलं. नंतर मी नोज प्लायरची दोन टोकं पिस्टनच्या खाचांत अडकवून फिरवायला लागलो, तर म्हणाले, “जोर कमी पडायलाय सर. सरका, पहार आणतो.”

“आबा, हा दाबायचा नसतो, फिरवायचा असतो.”

“फिरवून कुठं काय आत जातंय व्हय?”

निवृत्त विज्ञानाचे गुरुजी पुढे सरसावले. निम्म्या गल्लीला त्यांनी पास्कलचा नियम शिकवला आणि त्याच निम्म्या गल्लीला त्यात नापास केलं. “बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो,” त्यांनी हवेत आकृती काढली.

“मग आमच्याच नळाला का पोचत न्हाई?” आबा.

गुरुजींकडे याचं उत्तर नव्हतं. पण त्यांच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग बॉनेटखाली घडत होता. पिस्टन मागे येतो तसं ब्रेक ऑइल वर टाकीत चढतं, आणि आधी कुणी टाकी काठोकाठ भरली असेल तर बाहेर येतं. ते रंग खातं. म्हणून पुतण्याला सिरिंज देऊन टाकीपाशी उभं केलेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मोबाइल खिशात ठेवावा लागला.

पिस्टन चार केस आत गेला की प्लायर निसटायचं. बाजारात यासाठी खास किट मिळतं, खाचांत बसणारी चकती आणि तिला मागून रेटा देणारा स्क्रू. थोडा दाब आणि सोबत फिरवणं, दोन्ही एकदम होतं. ते अखेर ओळखीच्या माणसाकडून आलं, आणि ज्याच्यापुढे प्लायर हात टेकत होतं तो पिस्टन सुतासारखा आत गेला. धुळीपासून राखणारा रबरी बूट पिळवटू नये, एवढंच बघायचं. नव्या गाड्यांत बटणाचा हँडब्रेक असतो. तिथे फिरवायचंही नसतं, आधी स्कॅनर लावून मोटरची परवानगी घ्यायची. आबांना हे सांगितलं नाही. त्यांचं रक्तदाबाचं औषध चालू आहे.

खरी करमणूक दुसऱ्या चाकाला झाली. डावा पिस्टन घड्याळाच्या दिशेनं आत गेला. मग उजवा कुठल्या दिशेनं? काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, हे मी बोलून गेलो, आणि गल्लीत दोन पक्ष पडले. सुलट पक्षाकडे आबा, उलट पक्षाकडे गुरुजी. आरशात डावं ते उजवं होतं, हा गुरुजींचा मुद्दा. “सर काय आरशात बसून गाडी चालवित्यात का?” हा आबांचा. पैजेला भेळ लागली. उजवाही घड्याळाच्याच दिशेनं गेला. गुरुजींनी भेळ दिली, मुद्दा सोडला नाही.

चाकं चढली. आबा हक्कानं ड्रायव्हरच्या जागी बसले, ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला. चेहरा उतरला. “ब्रेकच न्हाई की वो!” पिस्टन मागे नेलेले असताना पहिल्या दाबांना असंच होतं. गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहायचं, पिस्टन पुढे येऊन पॅडला टेकतात आणि पेडल कडक होतं. झालंही. पण आबांच्या मनातली ती पोकळी भरली नाही.

लग्नाला ते आमच्याच गाडीत आले, डाव्या सीटवर. धारूरच्या घाटात प्रत्येक वळणावर गाडीच्या आधी त्यांचा पाय फरशीवर दाबला जात होता. खाली तेलगावला चहाला उतरलो तेव्हा पोटरी चोळत म्हणाले, “ब्रेक चांगला लागला आज.”

कोणाचा, ते मी विचारलं नाही.