मु. पो. सर्जापूर रोड

माथेरानची उंची 800 मीटर. बंगळुरूची 900च्या वर. म्हणजे थंड हवेचं ठिकाण म्हणून बंगळुरूचा मान माथेरानच्या वरचा. शिवाय ते कर्कवृत्ताच्या बरंच खाली, तेराव्या अक्षांशाला. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यानंतर असं वर्षातून दोनदा सूर्य इतका थेट डोक्यावर येतो की माणसाची सावली पायाखाली गडप होते. तेव्हा भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे बंगळुरूचा सर्जापूर रोड हा उष्ण कटिबंधातला उंच, दुर्गम मुलूख. दुर्गम हा शब्द पुस्तकात नाही, तो मी तिथे जाऊन आल्यावर घातला. माथेरानला मोटारींना बंदी आहे. इथे बंदी नाही, पण मोटारी हलत नाहीत, त्यामुळे शांतता सोडून बाकी परिणाम तोच.

भाचीनं फोनवर सांगितलं होतं, "मामा, या ना. इथली हवा फार छान आहे." हवा छान होतीच. ती तेवढी टँकरनं येत नाही.

इब्लूरच्या चौकात बाह्यवळण रस्ता सोडला की सर्जापूर रोड सुरू होतो आणि सतरा-अठरा किलोमीटरवर, आनेकल तालुक्यात, खुद्द सर्जापूरला पोचतो. निदान नकाशात पोचतो. वाटेत कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नल्ली, कोडती, दोम्मसंद्र अशी गावं लागतात. एके काळी सर्जापूरला तलम मलमल विणत. मी जावयांना विचारलं, "सर्जापूर गाव कसं आहे हो?" ते म्हणाले, "मामा, आम्ही इकडे येऊन सात वर्षं झाली, पण अजून तिकडे जाणं झालं नाही." आमच्या हडपसरात सोलापूर रोडवर राहणाऱ्या किती जणांनी सोलापूर पाहिलंय, हे आठवून मी गप्प बसलो.

वाहतुकीबद्दल मात्र गप्प बसवेना. टॉमटॉम नावाच्या परदेशी कंपनीनं 2024 साली जगभरच्या शहरांची तुंबातुंब मोजली. दहा किलोमीटर जायला बंगळुरूत सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागत होते, पुण्यात 33 मिनिटं 22 सेकंद. ते तिसरे, आपण चौथे. अठ्ठेचाळीस सेकंदांनी हुकलं! लंडनला मागे टाकलं एवढंच समाधान. पण सर्जापूर रोड पाहिल्यावर पुणेकराचा अभिमानही नमतो. इथली माणसं गाडीत दाढी करतात, मीटिंगा करतात, मुलांचे पाढे घेतात. भाचीच्या गाडीत पाण्याच्या बाटल्या, उशी, बदलायचे कपडे आणि पोळ्यांचा डबा कायम असतो. "कुठे निघालीस गं?" म्हटलं तर म्हणाली, "डेंटिस्टकडे." डेंटिस्ट दीड किलोमीटरवर.

या मुलखातली न्याहारीची चर्चा एकाच विषयावर असते: आज टँकर किती आले? आजूबाजूची 110 खेडी 2007 साली शहरात आली खरी, पण त्यांच्यासाठीच्या कावेरी पाणीयोजनेच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन व्हायला ऑक्टोबर 2024 उजाडला. कावेरी इथून शंभर किलोमीटर दूर आणि बरीच खाली; तिला पंप लावून चढवावं लागतं. उद्घाटनाच्या आदल्या उन्हाळ्यात कूपनलिका अशा आटल्या की टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड. भाचीच्या इमारतीत तळघरात व्यायामशाळा आहे, गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे आणि लिफ्टमध्ये पाटी आहे: बादलीनं आंघोळ करा. म्हसवडची आमची आत्या इथे येऊन गेली होती. फाटकाशी टँकरची रांग पाहून म्हणाली, "एवढा विमानखर्च करून टँकरच बघायचा होता, तर माण तालुका काय वाईट होता?"

टँकरवाल्याला फोन केला की तो मोठ्या आदरानं म्हणतो, "ऐदु निमिषा, सार." पाच मिनिटं. ही पाच मिनिटं कुठल्या पंचांगातली, ते विचारायचं नसतं.

बरं, पाणी नाही म्हणावं तर सप्टेंबर 2022 मध्ये याच रस्त्यावरचे कोट्यवधींचे बंगले पाण्यात गेले. वरच्या तळ्याचं पाणी खालच्या तळ्यात न्यायचे ओढे होते, त्यांच्यावर वसाहती उभ्या राहिल्या. पाण्यानं जुना रस्ता सोडला नाही, एवढंच. साहेबमंडळी लॅपटॉप छातीशी धरून ट्रॅक्टरवरून कचेरीला गेली. त्या ट्रॅक्टरवाल्यांना पाणी कुठून येणार हे आजोबांपासून ठाऊक असावं. प्लॉट पाडताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जवळच्या बेळंदूर तळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा फेस रस्त्यावर उडायचा, आणि 2015 आणि 2017 साली त्या तळ्याला चक्क आग लागली. तळं पेटतं, बंगला बुडतो आणि नळ कोरडा राहतो, असं तिन्ही एकाच शिवारात साधणारं दुसरं गाव माझ्या पाहण्यात नाही. कैकोंड्रहळ्ळीचं तळं मात्र रहिवाशांनी मागे लागून सुधारून घेतलंय. सकाळी तिथे पक्षी असतात आणि पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त असतात.

गाव म्हटलं की बांधाचं भांडण आलंच. दोड्डकन्नल्लीला विप्रोचा मोठा वाडा आहे. कंपनी मूळची आपल्याकडची, खानदेशातली. साने गुरुजी जिथे शिकवत, त्या अमळनेरला 1945 साली वनस्पती तूप करायला निघाली आणि पुढे संगणकात शिरली. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहिलं: तुमच्या आवारातून थोड्या गाड्या जाऊ द्या, बाह्यवळणावरची कोंडी तीस टक्के कमी होईल. प्रेमजींनी नम्रपणे कळवलं की जागा खाजगी आहे, विशेष आर्थिक क्षेत्राचे नियम आड येतात, वाट देता येणार नाही. हवं तर रस्त्याचा शास्त्रीय अभ्यास करवून घ्या, खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलू. म्हणजे वहिवाट मिळणार नाही, मोजणीचे पैसे मात्र देतो! अमळनेरच्या तलाठ्यानं हे प्रकरण पाहिलं असतं तर मायेनं कुरवाळलं असतं.

जमिनीच्या भावावर बोलण्याचा हक्क आम्हालाही आहे. 1638 साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. पुढे 1687च्या सुमारास ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं, तीन लाखांना. अख्खं शहर. आज तेवढ्यात इथे तीन खोल्यांच्या घराचं डिपॉझिट भागतं. हे मी जावयांना सांगितलं तेव्हा ते घरमालकाच्या फोनची वाट पाहत होते. हसले नाहीत.

बारा बलुतेदार मात्र या गावाइतके तत्पर कुठे नाहीत. माणसाला कचेरीतून यायला दीड तास, कोथिंबिरीला आठ मिनिटं. मोबाइलवर बोट ठेवलं की नारळ, झाडू, तापाची गोळी, गणपतीत दूर्वाही. फरक इतकाच की बलुतेदार आपला सुगीला धान्य मागायचा, हा जाताना पाच तारे मागतो. घरात आलेला पाहुणा, वाणसामान आणि इस्त्रीवाला यांची नोंद फाटकावर सारख्याच गांभीर्यानं होते. माझ्या नावापुढे "डिलिव्हरी" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं.

परत निघालो त्या दिवशी विमान दुपारचं होतं. जावयांनी पहाटेच उठवलं. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, देवनहळ्ळीला. तिथून पुण्याचं विमान दीड तासात पोचतं. तिथवर पोचायचं वेगळं. इब्लूरच्या चौकाआधी भाचीचा फोन आला, "मामा, तुमच्यासाठी दळून आणलेली कॉफी टेबलावरच राहिली. पाठवून देते."

"अगं, चालत्या गाडीत कशी पाठवशील?"

"चालत्या?" ती म्हणाली.

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. पोरानं पुडा हातात दिला, माझ्या दाराचा फोटो काढला आणि फूटपाथवरून निघून गेला.