निवृत्त साहेब आणि ओला कॅनव्हास

नागपूरच्या धरमपेठेतला सरकारी अधिकारी निवृत्त झाला की कवितेकडे वळतो, नाहीतर तैलरंगातल्या व्यक्तिचित्राकडे. (कविता लगेच वाळते, हा तिचा मोठा दोष.) सीताबर्डीहून ईझल, रंगाच्या नळ्या, ब्रश येतात, वहिनींना खिडकीपाशी बसवले जाते आणि साहेब थेट पापण्यांपासून सुरुवात करतात. वय झाले, हाताला वळण नाही, असे शेजारी म्हणतात. पण वळण सरावाने येते. साहेबांचे घोडे अडते ते धीरापाशी. आणि ज्यांच्या टेबलावर ३० वर्षे फायली निवांत मुरल्या, त्यांना रंगाचा एक थर मुरू देववत नाही, हे नवल आहे.

जुन्या पद्धतीत आधी तपकिरी किंवा करड्या रंगात नुसता छायाप्रकाश मांडायचा, तो वाळला की त्यावर अंगकांती चढवायची. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. साहेब दुसऱ्याच दिवशी ओल्या नाकावर नवे नाक चढवतात आणि वहिनी मातकट होतात. तेलकट थरावर कोरडा थर दिला तर पुढे कपाळाला भेगा पडतात. त्या आठ्या म्हणून खपवता येतात, फक्त वहिनींसमोर नाही. ‘काहून वाळत नाही बाप्पा?’ जवसाची चटणी खाऊन वाढलेल्या वैदर्भीय माणसाने तरी हे विचारू नये. रंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होते. त्याला स्मरणपत्र धाडता येत नाही की हिवाळी अधिवेशनाची भीती घालता येत नाही.

मग नागपूरचा ४५ अंशांचा मे काय कामाचा? उन्हाने वेग वाढतो खरा, पण जाड थरावर वरून साय धरते आणि आत रंग ओलाच राहतो. साहेबांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: चित्रकार वासुदेव कामत प्रात्यक्षिकात एका बैठकीत माणूस उभा करतात, त्याचे काय? ती ओल्यावर ओले रंगवण्याची निराळी रीत. तिथे थांबणे आधीच्या कित्येक वर्षांत उरकलेले असते. कामतांना २००६ साली अमेरिकेत पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तोही पत्नीच्याच चित्राला, हे साहेब सर्वांना सांगतात. वहिनींना जरा जास्तच वेळा.

वार्निश साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून लावतात. साहेबांच्या प्रदर्शनाच्या पत्रिका मात्र छापून झाल्या आहेत. गेलात तर चित्राला टेकू नका.