कूलरमागची वस्ती

होळी झाली, की गोंडपिपरीत लोखंडी कूलर धुऊन-पुसून मागच्या खिडकीला लागतात आणि पुढचे तीन महिने घराचा सारा कारभार त्या खिडकीसमोर चालतो. लोणच्याच्या कैऱ्या तिथंच चिरायच्या, पाहुणे तिथंच बसवायचे, भांडणंही तिथंच करायची, तीही कूलरच्या आवाजावर आवाज चढवून. 2 जून 2007 रोजी चंद्रपूरला पारा 49 अंशांवर गेला होता. ‘यंदा गरमी फारच आहे’ असं कुणी म्हटलं, की आमच्याकडं दुसरा हा आकडा फेकून त्याला गप्प करतो. उन्हाचाही अभिमान बाळगावा तो चंद्रपूरकरांनीच.

पण खिडकीच्या अलीकडं आपण जेवढे असतो, त्याहून जास्त मंडळी पलीकडं असतात. कूलरची पाठ सांदवाडीत, म्हणजे परसात. तिथं लिंबू, गोडलिंब, मुंगना, जांब आणि सांबाराचा एक वाफा; तो एप्रिलनंतर निव्वळ श्रद्धेनं हिरवा समजायचा. कूलरची टाकी मात्र कुठून ना कुठून झिरपतेच. न झिरपणारा कूलर अजून माझ्या पाहण्यात नाही. त्या झिरप्याखाली अळू माजतो आणि बाकीची बाग मान टाकत असताना शेजारच्या काकू त्या अळूवरून माझ्या बागकामाची तारीफ करतात. मी ती ऐकून घेतो.

सकाळी पहिल्या हजर होतात मधमाश्या. कूलरच्या ओल्या गवतावर बसून त्या सोंडेनं पाणी ओढतात. हे पाणी प्यायला कमी आणि पोळ्यावर शिंपायला जास्त. पोळ्यात थेंब पसरायचे, मग सगळ्यांनी मिळून पंखांनी वारा घालायचा. पाणी उडून जातं आणि पोळं थंड होतं. म्हणजे कूलरच की! तोही विजेशिवाय. भर दुपारी वीज गेली आणि आपण पुठ्ठ्यानं वारा घेऊ लागलो, की कुठं मधमाशीच्या पंगतीला बसतो.

कुंभारीण माशीला पाण्यापेक्षा टाकीखालच्या चिखलात रस. चिखलाची गोळी जबड्यात धरून ती मागच्या दाराकडं जाते, कारण तिथल्या जुन्या कुलपाचं भोक तिनं घरासाठी पसंत केलंय. आत डंख मारून बधिर केलेल्या अळ्या रचायच्या, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला ताजं अन्न मिळतं, आणि तोंड लिंपून टाकायचं. काम इतकं सफाईदार, की दाराला आता दोरी बांधतो.

दुपारी जांबाखाली सातभाई उतरतात. वाळली पानं उलथीपालथी करत त्यांचा कलकलाट सुरू असतो. पक्ष्यांना घाम येत नाही. म्हणून चोची उघड्या टाकून धापा टाकतात, पण भांडण थांबवत नाहीत. लिंबाखाली धामण दिसली, की मात्र सगळ्यांचा एकच गिल्ला होतो. सांदवाडीत पाय टाकण्याआधी मी त्यांचा कानोसा घेतो.

आणि मग तो झाडबेडूक. मे महिन्यात हा कूलरच्या आत, जाळीच्या मागं, थेट वाऱ्याच्या वाटेवर बसतो. पाय पोटाशी घेतलेले, डोळे अर्धे मिटलेले. बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्यांच्या जोरावर तो उभ्या पत्र्यालाही सहज चिकटतो. भाच्यानं त्याला हुसकायला झाडू उचलला, तर आई म्हणाली, “राहू दे नं बाप्पा त्याले. हवाच तं खाते, अन्न थोडीच खाते?” तेव्हापासून घरातली सर्वांत थंड जागा बेडकाची, त्याखालची आईची. मी तिसऱ्या क्रमांकावर.

हे कौतुक करताना एक भान ठेवावं लागतं. याच तालुक्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेलं माणूस परत येईस्तोवर घरच्यांचा जीव टांगणीला असतो. तिथं वाघ-अस्वलाशी गाठ. प्राण्यांबद्दल प्रेमानं लिहायला सांदवाडीतले प्राणी परवडतात, हे खरं.

कूलरची सद्दी कोरड्या हवेपुरती. नवतपा सरून मृगाची हवा दमट झाली, की पाणी उडत नाही, गारवा येत नाही आणि नुसता घाम चिकटत राहतो. मग कूलर बंद. तोवर एवढं करा: आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथं अंडी घालतात, त्यांचं आदरातिथ्य करायचं काही कारण नाही. आणि टाकी घासताना आत बेडूक सापडलाच, तर हात ओला करून उचला. कोरड्या हातानं त्याच्या कातडीला इजा होते.