आगटीचे अध्यक्ष

चंद्रपूरचा माणूस उन्हाळ्याची बढाई मारतो. मे महिन्यात पारा 47 ला टेकला की पुण्याच्या साडूला फोन लावून तो आकडा स्वतः कमावल्याच्या थाटात ऐकवतो. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास आला की हाच गडी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वरून सोलापुरी चादर अशा चिलखतात शिरतो. मग कॉलनीत काकाजींचा मोसम सुरू होतो.

काकाजी एक नाहीत. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर, लालपेठ, जिथे कोळसा आहे तिथे ते आहेत. खदानीतून रिटायर झालेले, हातात बांबूची काठी, आणि आगटी उसकवायचा हक्क फक्त आपला अशी ठाम समजूत. दुसऱ्या कोणी निखारा हलवला तर सभात्याग करतात. कोणी कोणत्या बाजूला बसायचं, ओलं जळतन कोणी आणलं, टायर टाकायची हिंमत कोणाची झाली, सगळ्याचा निवाडा तेच देतात. टायरच्या बाबतीत ते बरोबर असतात, हे मान्य केलं पाहिजे.

बाहेरच्या आगटीबद्दल माझी काही तक्रार नाही. आभाळ उघडं, वारा मोकळा, गप्पा झाडीपट्टीच्या नाटकांच्या: वडशाची कोणती कंपनी यंदा जोरात आहे, कोणत्या गावात पहाटेपर्यंत प्रयोग चालला आणि तिथे थंडीनं किती जण कुडकुडले. घोटाळा पुढे होतो. कोणीतरी सांगतं, ऊर्जानगराकडे बिबट दिसला. बैठक पटकन मोडते. आणि काकाजी जाहीर करतात, "धुपट संपलं, इस्तो लाल झाला. चला, सिगडी अंदर घ्या."

बिबट्याच्या भीतीनं घरात गेलेले काकाजी मग आधी सरकती खिडकी लावतात. दाराखालच्या फटीत बारदाना कोंबतात. पलंगाशेजारी शेगडी, शेगडीशेजारी पाय. पुतण्या बिचारा म्हणतो, "काकाजी, खिडकी थोडी उघडी राहू द्या ना, गॅस होते."

"धुपट दिसून राहिलं का तुले?"

"नाही."

"मंग? अख्खी जिंदगी कोळशात गेली माही. तू मले कोळसा शिकवून राहिला?"

काकाजींचं सगळं शास्त्र धुरावर उभं आहे: धूर म्हणजे वाईट, धूर नाही म्हणजे चांगलं. खरं तर धूर हा भला माणूस. डोळ्यांत पाणी आणतो, खोकवतो, घराबाहेर काढतो. बिनधुराचा लालभडक निखाराच लबाड. बंद खोलीत तो जळत राहतो तसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि त्या वायूला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्यालाच दोनशेपटीहून अधिक ओढीनं धरून ठेवतं. माणूस श्वास घेत राहतो, पण अंगाला प्राणवायू पोचत नाही.

आधी डोकं जड होतं. काकाजींचं निदान तयार असतं: "थंडी डोक्यात शिरली." म्हणून खिडकीची उरलेली बोटभर फटही बंद. मग मळमळतं. "पित्त झालं, जेवण उशिरा झालं ना." मग गुंगी येते. "पाहा, ऊब लागली की कशी झोप येते!" थंडी वाजते म्हणून आणखी दोन कोळसे. रोगाच्या प्रत्येक खुणेवर ते रोगच वाढवणारा उपाय करतात, आणि तोही मायेनं, नातवाला जवळ ओढून.

त्यांचा शेवटचा पुरावा बहिणीचा असतो. बहीण गडचिरोलीच्या धानोऱ्याकडे दिली आहे. "तिच्या घरात रातभर इस्तो राहाते. कोन मेलं?" खरं आहे. पण ते घर कवेलूचं. छपराच्या फटींतून चांदणं आत येतं आणि गॅस बाहेर जातो. जुन्या कुडाच्या घरांनी माणसांच्या कितीतरी चुका पोटात घातल्या. आता तिथेही स्लॅब पडू लागले, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसू लागल्या. घर बदललं, शेगडी तीच राहिली. हे काकाजींना सांगून पाहा. ते स्लॅब किती मजबूत आहे, हे सांगू लागतात.

गेल्या वर्षी प्रकरण आणखी वाढलं. फौजेत असलेल्या जावयानं रॉकेलचा हीटर आणून दिला. काकाजी नवरदेवागत मिरवले. गॅसजोडणीवाल्यांना रेशनचं रॉकेल मिळत नाही, त्यामुळे चार दिवस हीटर टीव्हीशेजारी शोभेला राहिला. पाचव्या दिवशी काकाजी म्हणाले, "डिझेल टाकून पाहू." तेव्हा काकूंनी जो आवाज लावला, तो आगटीवरच्या सगळ्यांनी ऐकला. काकू बरोबर होत्या: वातीच्या हीटरमध्ये स्वच्छ रॉकेलच चालतं, डिझेल काजळी धरतं आणि पेट्रोलची नुसती भेसळ झाली तरी भडका उडतो.

जावयानं नियम लिहून दिले होते. हीटर विझवून, पुरता गार झाल्यावर अंगणात नेऊन भरायचा. पडदा, गादी, कपडे तीन फूट लांब. ज्योत पिवळी होऊन काजळी धरू लागली तर बंद करून वात तपासायची. खिडकी दोन बोटं उघडी. झोपण्याआधी बंद. काकाजींनी तो कागद देवघरात ठेवला आणि रॉकेल मिळाल्यावर हीटरवर ओले मोजे वाळत घातले. खिडकीबद्दल विचारलं तर म्हणाले, "खिडकीच उघडी ठेवाची होती तं हीटर काहून आनला?"

प्रश्न बिनतोड वाटतो, इथेच लोक फसतात. दोन बोटांच्या फटीनं खोली थोडी गार होईल, एवढंच. अंगावर आणखी एक चादर घेतली की भागतं.

तुमच्याही घरात एखादे काकाजी असतील. त्यांच्याशी वाद घालू नका, तो जिंकता येत नाही. ते झोपले की शेगडी गुपचूप अंगणात ठेवा आणि खिडकी उघडा. आणि शेगडीच्या खोलीत दोघातिघांचं डोकं एकदमच दुखू लागलं, तर चहा मांडू नका, बाम शोधू नका. आधी सगळ्यांना, काकाजींनाही, हाताला धरून मोकळ्या हवेत आणा. मग 108 ला फोन करा.