पलटी न मारता फिरावं कसं? नवशिक्यांसाठी

मराठीत मत बदलायचं तर कुणाला तरी जागचं हलावं लागतं. आपण हलायचं की मनाला हलवायचं, एवढं नवशिक्यानं आधी ठरवावं. मन हललं तर अब्रू शाबूत राहते.

सरावाला धाराशिव जिल्ह्यातला कुठलाही शेळीबाजार चालेल. उस्मानाबादी शेळी बहुधा काळीभोर, जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली; तिला कुणी विचारलं नसावं. समजा, तुम्ही भावाला हो म्हणून बसलात आणि मग तिचे दात बघितले. "मला नको" असं म्हणू नये, तो अडाणीपणा. म्हणावं, "शेळी झ्याक आहे मामा, पण मन घेईना." म्हणजे तुम्ही घ्यायला तयारच आहात, अडलंय ते मनाचं. मुरलेला मामा मात्र म्हणतो, "मन घेत नसंल तर ऱ्हाऊ द्या, तुम्ही घ्या. पाचशे कमी करतो."

इसार दिला असेल तर हा धडा विसरा. पैसे हातात पडले की मन वळत नाही, माणूस फिरतो. "गडी फिरला" एवढ्यावर निभावलं तर नशीब. "शब्द फिरवला" झालं की पुढच्या बाजारी कुणी रुमालाखाली हात देणार नाही. त्यामानानं "पलटी मारली" हलकं. ती उसाची ट्रॉलीही मारते, लोक हसतात आणि उचलायला येतात.

सोयरिकीत वेगळा नियम. तिथं मन स्वतः वळत नाही, वळवावं लागतं, आणि त्यासाठी मुलाच्या आत्याचे यजमान किंवा असाच कुणी वजनदार पाहुणा पुढं घालतात. नकाराला मात्र कुणी लागत नाही. "बघू पुढं" म्हटलं की विषय आपोआप मागं पडतो.

"घूमजाव" आणि "कोलांटउडी" पाठ करायची गरज नाही. ते शब्द वर्तमानपत्रांचे. घरात तसं कुणी बोलत नाही.

न हलता हलल्यासारखं दिसणं हा वरच्या वर्गाचा अभ्यास. 29 जून 2022 रोजी ठाकरे मंत्रिमंडळानं उस्मानाबादचं धाराशिव करायचं ठरवलं. सरकार बदललं, आणि 16 जुलैला शिंदे-फडणवीसांनी तोच निर्णय नव्यानं घेतला. फिरवला कुणीच नाही, घेतला दोघांनी.

शेवटचा धडा माघारीचा. निवडणुकीत ती घ्यायला मुदत असते, ठरलेल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. तोवर कचेरीत गेलात तर "पक्षाच्या हितासाठी माघार". साडेतीनला मन वळलं, तर यंत्रावर नाव तसंच राहतं आणि वळलेलं मन घेऊन प्रचाराला निघावं लागतं.