तीन तोळ्यांचं आजारपण

नाशिककरांकडे थंडीवर पूर्वापार एकच उपाय आहे. ती किती पडली हे एकमेकांना सांगायचं. सकाळी पेपरात निफाडचा पारा बघायचा, "आज निफाड सहावर," असं शेजाऱ्याला ऐकवायचं, आणि या बातमीतून जी काय ऊब मिळेल तिच्यावर आंघोळीपर्यंत तग धरायचा. हीटर वगैरे दिल्लीकरांची थेरं. आमच्या अप्पांनी आजवरचे सगळे हिवाळे मफलर आणि स्वाभिमान या दोनच गोष्टींवर काढले आहेत. द्राक्षबागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, हे खरं. पण द्राक्षं निर्यात होतात. अप्पांना कोण विचारतंय?

अशा घरात भाऊसाहेब आजारी पडले.

भाऊसाहेब म्हणजे आमचे बजी. अंग हिरवं, डोकं पिवळं, चोचीच्या वर निळा ठसा. ही नराची खूण. मादीचा ठसा तपकिरी असतो. छाती पुढे काढून दांडीवर इकडून तिकडे असे चालतात, की जणू पाहणी दौऱ्यावर आलेत आणि काम पसंत पडलेलं नाही. नाव त्यावरूनच पडलं. अख्खी सोसायटी त्यांना लव्हबर्ड म्हणते आणि ते एकटेच दिसल्यावर "दुसरा गेला का हो?" असं दुखवट्याच्या सुरात विचारते. "त्यापेक्षा आपला पोपट पाळायचा," असा सल्लाही येतो. आपला पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे मी सांगतो. मग सल्लागार मला कायद्यातलं फारसं कळत नसावं अशा नजरेने बघतात.

तर एका सकाळी भाऊसाहेब चेंडूसारखे फुगून, डोळे मिटून बसलेले दिसले. दौरा रद्द. राळ्याच्या वाटीला चोच लावलेली नाही. पक्षी आजार लपवतात. थव्यात जो दुबळा दिसेल त्यालाच ससाणा आधी उचलतो, म्हणून अगदीच हाताबाहेर जाईपर्यंत ते धडधाकट असल्याचा आव आणतात. आमच्या घराण्याची रीत नेमकी उलटी आहे. आमच्याकडे शिंक यायच्या आधी तिची बातमी येते. त्यामुळे त्यांचं हे गप्प बसणं कळायला आम्हाला जरा जड गेलं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आमच्या आधी एक लॅब्राडोर होता. तो चाळीस किलोंचा ऐवज टेबलावर चढवायला तीन माणसं लागली. मग भाऊसाहेब काट्यावर बसले. पस्तीस ग्रॅम. अप्पांनी उभ्या उभ्या हिशेब केला, "जुन्या मापाने तीन तोळे." हल्लीचा भाव आठवून सगळेच एकदम गंभीर झाले.

बाई म्हणाल्या, धडधाकट बजीला नाशिकच्या थंडीचं काही नाही. ही मंडळी मूळची ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातली. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये ती जिवंत इंग्लंडला नेली आणि तिथल्या गारठ्यातही त्यांचा वंश वाढला. पण त्यांच्या अंगाची भट्टी एक्केचाळीस अंशांवर चालते, तिला सारखं दाण्याचं जळण लागतं. आजारी पक्षी खात नाही आणि इवल्याशा अंगातून ऊब भराभर निघून जाते. म्हणून ऊब बाहेरून द्यायची, म्हणजे त्याच्या अंगातली ताकद आजाराशी भांडायला उरते. औषधाचा थेंब चोचीच्या कडेने, आणि पिंजऱ्याजवळ तापमान तीसच्या आसपास.

"तीस?" अप्पांनी विचारलं. रात्री त्यांच्या खोलीत चौदा असतं.

घरी येईपर्यंत आई तयारच होती. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की आईची माया धुराच्या रूपाने प्रकट होते. ओव्याची धुरी, मग कापूर, मग देवापुढे जादा उदबत्ती. "बाळंतिणीच्या खोलीत देतात तशी धुरी देऊ, तासाभरात खडखडीत होईल," असं म्हणून तिने निखारेसुद्धा केले होते. मी बाईंचा कागद वाचून दाखवला. धुरी नाही. कापूर नाही. उदबत्ती नाही. डासांची कॉइल नाही. पक्ष्याची फुप्फुसं फार नाजूक. आपल्याला नुसता वास येतो तेवढ्यात त्याचा जीव घाबरा होतो.

"मग छातीला व्हिक्स?"

व्हिक्स नाही. तेल नाही, तूप नाही. पिसांमध्ये कोंडलेली हवा हीच त्याची गोधडी, ती चिकट झाली की गोधडी फाटलीच म्हणायची. स्वेटर तर नाहीच. (आईने लोकर काढली होती. निळी. चोचीवरच्या ठशाला जुळणारी.) पन्नास वर्षं तीन पिढ्यांना बरं करणारं आख्खं औषधालय एका कागदाने बंद पाडलं. आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "म्हणजे त्याच्यासाठी नुसतं बसून राहायचं?"

त्याच कागदावर खाली एक ओळ होती: नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतो. या ओळीने आई सावरली. बायकोचा नॉनस्टिक तवा आणि आईचा बिडाचा तवा यांच्यातलं शीतयुद्ध आमच्या लग्नाइतकंच जुनं आहे. सासूला जे साधलं नव्हतं ते तीन तोळ्यांच्या पाखराने एका दुपारीत केलं. नॉनस्टिक माळ्यावर गेला. संध्याकाळी बिडाच्या तव्यावरची धिरडी आईने अशा काही चेहऱ्याने वाढली, की मला आजारी कोण आहे याचा क्षणभर विसर पडला.

आता प्रश्न उबेचा. साठ वॉटचा पिवळा दिवा आणायचा, एवढंच. बाजारात गेल्यावर कळलं की माझ्या नकळत एक युग संपलं होतं. २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना आली आणि एलईडीने पिवळ्या दिव्याला घरोघरून हाकललं. पहिल्या दुकानदाराने मला वॉर्म व्हाइट दाखवला. "उजेड उबदार आहे, साहेब." मी म्हटलं, मला उजेड नको, ऊब हवी. त्याने माझ्याकडे आणि मग माझ्या मफलरकडे पाहिलं. दुसऱ्याने वीज किती वाया जाते यावर प्रवचन दिलं. पिवळा दिवा खातो त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नुसती उष्णतेत घालवतो, हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. आम्हाला तो अवगुणच विकत हवा होता. शेवटी पेठेतल्या एका जुन्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी धूळ झटकून खोका काढला. "पोल्ट्रीवाले नेतात पिल्लांसाठी. तुमची किती आहेत?"

"एक."

"एक हजार?"

मी मान डोलावली. काही ठिकाणी खरं बोलून काही साधत नाही.

दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, एकाच बाजूला लावायचा. फार तापलं तर रोग्याला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. चोच उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून दूर धरले, की उकडतंय. उरलेल्या तीन बाजूंना आईची गोधडी, दिव्यापासून हातभर लांब आणि बाहेरून, आत नखं अडकायला नकोत म्हणून. घरात पहिल्यांदाच भिंतीवरचं थर्मामीटर आलं. पिंजऱ्याच्या तळाशी पेपर नको, कोरा पांढरा कागद घाला, म्हणजे विष्ठेचा रंग कळेल, असंही बाईंनी सांगितलं होतं. लेकीने रोज फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. ज्या ग्रुपवर सुप्रभातखेरीज काही उगवत नसे तिथे हिरव्या-पांढऱ्याच्या छटांवर मतं येऊ लागली. ॲडलेडच्या भाच्याने कळवलं, "इथे भर उन्हाळा आहे मामा, चाळीसच्या वर. पाठवून द्या." काकूंनी त्याला, विमानात गारठा असतो, असं उत्तर दिलं.

आणि रात्री लाईट गेली. पारा तीसवरून खाली येऊ लागला तसं आख्खं घर उठलं. गॅसवर पाणी तापलं, शेकाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाजूला लागल्या, गार झाली की दुसरी. लेक टॉर्च धरून आकडा पुकारत होती. "अठ्ठावीस! बाबा, सत्तावीस!" अप्पा उघड्या खिडकीच्या फटीत स्वतःचा मफलर कोंबत होते. तो त्यांच्या गळ्यातून उतरलेला मी त्याआधी फेब्रुवारीतच पाहिला होता.

औषध लागू पडलं. भाऊसाहेब दाणे टिपू लागले, घंटा वाजवू लागले, आणि औषध द्यायला गेलेल्या बायकोच्या बोटाला असे डसले की तिने तव्याचाही हिशेब त्यात धरला असावा. बाईंनी सांगितलं, ऊब एकदम काढू नका, रोज थोडी थोडी उतरवा. आम्ही दिवा रोज वीतभर मागे घेत गेलो. तसतशी अप्पांची खुर्ची त्याच्यामागे जात राहिली. दिव्याजवळ पेपर जास्त स्वच्छ दिसतो, असं त्यांचं म्हणणं. अखेर दिवा थर्मामीटरसकट त्यांच्या गुडघ्यांपाशी स्थिरावला. पारा तीस. भाऊसाहेब गार दांडीवरून येरझाऱ्या घालत त्यांची पाहणी करतात आणि काम पसंत पडलेलं नाही असं कळवतात.

परवा अप्पांना खोकला झाला. आई आनंदाने ओवा घेऊन निघाली, निखारा झाला, आणि घरातून चारही दिशांनी एकच ओरडा झाला: "धुरी नको, पक्षी आहे!" तेव्हापासून अप्पांना धुरी घ्यायची तर गच्चीवर जावं लागतं. तिथे फार थंडी असते.